मा.मा. तलावाची दोन टिंबे

समस्त नागरिकांस, आणि विशेषतः ज्यांना याचे काहीएक सोयरसुतक नव्हते त्यांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, नवे शतक उजाडून थोडेच दिवस झाले असताना, एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, वीज असल्यास, वडसा हे गाव अखिल विश्वाशी जोडले गेले. समारंभास चौघांची उपस्थिती होती. नारळ फोडण्यात आला, तो नासका निघाला, आणि पेढ्याचा पुडा सुटण्याआधीच वीज गेल्यामुळे विश्वाशी जडलेला आमचा संबंध त्याच दिवशी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, तात्पुरता तुटलाही.

ही घटना ज्या खोलीत घडली तिला पूर्वी वामनभाऊंची टायपिंग इन्स्टिट्यूट म्हणत. आता दारावर ‘सायबर कॅफे’ अशी पाटी आली होती, पण भिंतींनी जुना धंदा सोडला नव्हता. रिबनच्या शाईचा आणि मशीनच्या तेलाचा कडवट वास तिथे कायमचा मुरलेला होता, आणि मागच्या धानगिरणीतून येणारा गरम कोंड्याचा वास त्यात मिसळला की दुपारी त्या खोलीत बसणे म्हणजे एखाद्या जुन्या सरकारी फायलीत, नव्या भाताची ऊब अंगावर घेऊन, दुमडून पडल्यासारखे वाटे. खिडकीतून उन्हाचा एक तिरपा पट्टा येई आणि त्यात कोंड्याचे सोनेरी कण तरंगत राहत. तीन संगणक होते. त्यांना वामनभाऊंच्या पत्नीने भरतकाम केलेल्या खोळी होत्या. चपला बाहेर काढाव्या लागत. वामनभाऊ पन्नाशीचे, काटक, हातात लाकडी पट्टी बाळगणारे गृहस्थ. गिऱ्हाइकाने दोन बोटांनी टाइप केलेले त्यांना बघवत नसे. “पाठ सरळ ठेवा,” ते मागून म्हणत, “अन् करंगळीले काऊन सुटी देऊन राह्यले?”

मी त्या काळात पंचेचाळिशीचा, हायस्कुलात मराठी शिकवणारा मास्तर होतो. ही माझी दिवसाची ओळख. हिवाळा आला की झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होई आणि माझे पोट व माझा आवाज यांच्या संयुक्त पुण्याईने मला दरवर्षी मंत्र्याची भूमिका मिळे. पंधरा हिवाळे मी मंत्री होतो. इतका दीर्घ कार्यकाळ या राज्यात फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. कापलेल्या धानाच्या बांध्यांत मंडप पडे, गवताच्या पेंढ्यांवर हजारो माणसे बसत आणि मी पांढरी टोपी सावरत रंगमंचावर धरणे बांधी, रस्ते करी, शाळा उघडी. लोक शिट्ट्या मारत. कित्येक गावांत प्रत्यक्ष पाऊल ठेवलेला मंत्री मीच, हे त्या गावांचे दुर्दैव मला तेव्हा माझ्या थट्टेचा विषय वाटे.

महाजालाने आम्हाला सर्वांत आधी दिली ती करमणूक. एका बातम्यांच्या पानावर रोज एक प्रश्न विचारीत: देश प्रगतिपथावर आहे काय? होय, नाही, सांगता येत नाही. मशीन बंद करून पुन्हा चालू केली की पुन्हा मत देता येते, हा शोध वामनभाऊंनी लावला, आणि मग एका लांबलचक दुपारी, बाहेर उन्हाने डांबर वितळत असताना, आम्ही राष्ट्राचे मत घडवीत बसलो. मी सतरा वेळा ‘सांगता येत नाही’ असे सांगितले, कारण माझे प्रामाणिक मत तेच होते. दुसऱ्या एका खिडकीत अनोळखी माणसे गप्पा मारत. तिथे मी तेवीस वर्षांची शुभांगी होतो. नाशिकच्या एका अभियंत्याने मला प्रेमकविता पाठवली. मी तिचा छंद दुरुस्त करून ती परत पाठवली आणि तेथेच आमचे प्रकरण संपले. आफ्रिकेतल्या कुण्या दिवंगत सेनापतीच्या विधवेचे पत्र आले तेव्हा तिच्या संपत्तीला हातही न लावता वामनभाऊंनी तिला दुखवट्याचे चार ओळींचे उत्तर धाडले, तेही मनापासून.

आम्ही खूप हसलो त्या खोलीत. त्या हसण्याला आज एक आंबूस वास येतो, पण तेव्हा तो येत नव्हता, आणि पुढे जे घडले ते त्या हसण्याच्या सवयीतूनच घडले, म्हणून ती सवय आधी सांगितली.

आता मामाविषयी.

आमच्या या झाडीच्या मुलुखात तलाव फार. डोंगराच्या उतरणीला पाळ घालून पाणी अडवलेले, कमळांनी भरलेले, काठावर अर्जुनाची झाडे उभी असलेले हे तलाव जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळात बांधले गेले. पुढे मालगुजारी गेली, मालगुजार गेले आणि तलाव सरकारच्या ताब्यात आले. सरकारने कागदावर ‘माजी मालगुजारी तलाव’ असे लिहिले. कारकुनांनी हात वाचवण्यासाठी त्याचे ‘मा.मा. तलाव’ केले. लोकांनी ती दोन टिंबे उच्चारलीच नाहीत, आणि अशा रीतीने गावोगावचे ते प्रचंड, शांत, हिरव्या पाण्याचे जलाशय आमचे मामा झाले. नाते बसलेही छान. मामा जसा भाचरांच्या मुठीत गुपचूप काही कोंबतो तसा तो तलाव उन्हाळ्यातही मूठभर मासे, ओंजळभर शिंगाडे देतच राही.

वडशापासून दोन तासांच्या सायकलवाटेवर सावरमेंढा नावाचे गाव आहे. तिथला मामा मासेमारीवर जगणाऱ्या अठरा ढिवर कुटुंबांना पोशीत होता. त्या घरांची वडीलधारी म्हणजे कौशल्याबाई. काळीसावळी, उंच, कपाळावर गोंदण, पाण्यात जन्म गेल्यामुळे की काय, चालताना कमरेतून किंचित पुढे झुकलेली. आठवडी बाजाराला ती मरळ मासे आणि सुकलेले झिंगे घेऊन येई. तिचा मुलगा माझा विद्यार्थी होता, तेव्हापासून कागदपत्राचे काम निघाले की ती माझ्याकडे येत असे. त्या वर्षी होळी सरल्यावर आली ती मोहफुलांचा गोड, डोके जड करणारा वास अंगावर घेऊन, आणि टोपली खाली ठेवण्याआधीच म्हणाली, “मास्तर, पाळीले भेग पडली. हात जाते आतमधी. पानी यायच्या अगोदर बुजवली नाई तं मामा नाई ऱ्हात आता.”

मामा राहिला नाही तर काय, हे तिने सांगितले नाही. सांगण्याची गरज नव्हती. मासे गेले की माणसे जातात. तलाव फुटलेल्या दोन गावांतली घरेच्या घरे हिवाळ्यात आंध्रात मिरची तोडायला जात असत, आणि चैत्रात परतत ती हातांची कातडी भाजून घेऊन, काही तर परततही नसत. सावरमेंढ्याची अठरा घरे आजवर गेली नव्हती. कौशल्याबाईला ती जाऊ द्यायची नव्हती.

“कागदावर लिवून द्या न,” ती म्हणाली. “मी जाते घेऊन गडचिरोलीले. साहेबाच्या दारात बसली का साहेब पाह्यतेच. दोन रोज नाई पाहत, तिसऱ्या रोजी पाहते.”

ही तिची पद्धत होती. ती भांडत नसे, रडत नसे. कागद मांडीवर ठेवून कार्यालयाच्या दारात बसून राही. ओलांडून जाणे अशक्य होईल अशा बेताने बसे. दारात माणूस बसलेले आहे एवढी एकच गोष्ट सरकारला खरोखर दिसते, हे तिला अनुभवाने कळले होते. मागे एकदा सांडव्याचे दगड तिने याच रीतीने बसवून घेतले होते.

आणि मी, वाचकहो, मी तिला हसलो. प्रेमाने हसलो, पण हसलोच. म्हटले, “कौशल्याबाई, दारात बसायचे दिवस गेले. आता थेट मुंबईला तक्रार करता येते, इथूनच, बसल्या जागी.” त्याच महिन्यात शासनाने तसे एक पान उघडले होते. मी तिला चपला काढायला लावून वामनभाऊंच्या खोलीत नेले आणि स्टुलावर बसवले. पडद्याचा निळा उजेड तिच्या गोंदणावर पडला होता. ती पडद्याकडे पाहत नव्हती. माझ्या तोंडाकडे पाहत होती.

त्या काळी मराठी अक्षरे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर गेली की त्यांच्या आळ्या होत, म्हणून मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहावा लागे. तक्रारीसाठी जागा होती दोनशे अक्षरांची. खाली लाल रंगात सूचना होती की विशेष चिन्हे वापरू नयेत. मी ‘मा.मा. तलाव’ असे घातले तेव्हा पानाने ते नाकारले. वामनभाऊंनी टिंबे काढली तेव्हा घेतले. मी ‘माजी मालगुजारी’ असे पूर्ण लिहू शकलो असतो. अक्षरे खूप लागली असती, पण लिहू शकलो असतो. मात्र मला ती अक्षरे दुसऱ्याच कामासाठी हवी होती. रूक्ष तक्रारींच्या ढिगाऱ्यात आपली तक्रार उठून दिसावी, वाचणारा साहेब गालात हसावा, आणि हसलेल्या माणसाचा हात सहीसाठी लवकर उचलला जातो या माझ्या नाटकी सिद्धांताला अनुसरून मी, वाक्यांमागची टिंबेही गाळून, लिहिले: आमचा मामा तलाव आता म्हातारा झाला आहे. त्याच्या पाठीला भेग पडली आहे. पावसाळ्यापूर्वी उपचार न झाल्यास मामा दगावेल आणि आम्ही अठरा घरे पोरकी होऊ.

वामनभाऊंनी वाहवा केली. कौशल्याबाईला मी वाचून दाखवले तेव्हा तिने एवढेच विचारले, “गावाचं नाव टाकलं न?”

टाकले होते. एवढे एक बरोबर केले होते.

उत्तर आले मृग लागता लागता. पळस केव्हाच हिरवे झाले होते, आभाळ दुपारून काळवंडून येई आणि न बरसताच वैनगंगेपलीकडे निघून जाई. वामनभाऊंनी शाळेत निरोप धाडला. मी गेलो तर ते पट्टी मांडीवर आपटत हसत होते, डोळ्यांतून पाणी येईतो. पडद्यावर शिक्क्यानिशी छापील पत्र होते. विषय: आपल्या मामांच्या तलावाबाबत. संदर्भाधीन तक्रारीतील तलाव आपल्या मामांच्या मालकीचा असल्याचे आपल्याच कथनावरून दिसून येते. खासगी मालमत्तेच्या दुरुस्तीचे दायित्व शासनावर येत नाही. आपले मामा वृद्ध व आजारी असल्यास त्यांच्या कायदेशीर वारसांनी पुढाकार घ्यावा. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

त्याखाली एक चौकट आली होती म्हणे, आपण समाधानी आहात काय, आणि वामनभाऊंनी ‘होय’वर दाबले होते.

“होय काऊन दाबलं, वामनभाऊ?”

“दुसरं बटनच चालून नाई राह्यलं न मास्तर! होय म्हटल्याबिगर खिडकी बंद होत नाई. काय करू?”

मुंबईतल्या कुठल्याशा टेबलावर, जिथे तलाव म्हणजे मासिकाच्या मुखपृष्ठावरचे चित्र आणि मामा म्हणजे आईचा भाऊ, तिथल्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला मामा माहीत नव्हता. मला माहीत होता. पण त्या दुपारी मला दोष वगैरे काही सुचले नाही. मला आनंद झाला होता. इतका परिपूर्ण, इतका गोलाकार विनोद आयुष्यात एकदाच हाती येतो. मी ते सगळे पत्र इंग्रजी अक्षरांत टाइप केले, वर माझी प्रस्तावना जोडली, मामांच्या प्रकृतीचे दोन खुसखुशीत तपशील पदरचे घातले, आणि आमच्याजवळ होते नव्हते तेवढ्या सगळ्या पत्त्यांवर पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी पाचसहा उत्तरे आली. हसून पुरेवाट झाली, असे सगळ्यांनी लिहिले होते. रंगमंचावरची शिट्टी विझून जाते. ही शिट्टी लिहिलेली होती, पुन्हा पुन्हा वाचता येत होती.

बाजाराच्या दिवशी कौशल्याबाईने विचारले, “आलं का जी उत्तर?”

आले, म्हटले, थोडी त्यांची चूक झाली आहे, पुन्हा लिहू. तिने टोपलीवरचे ओले फडके सारखे केले.

“मंग मी जाऊ का आता गडचिरोलीले?”

मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवते आणि विसरता येत नाही. मी म्हणालो, आता अर्ज वर गेला आहे, तुम्ही खाली गेलात तर दोन्हीकडे गोंधळ होईल. हे वाक्य मी पंधरा हिवाळे रंगमंचावर म्हणत आलो होतो, थोड्याफार फरकाने. त्यावर लोक हसत. कौशल्याबाई हसली नाही. तिला ते खरे वाटले.

आणि पुन्हा लिहू म्हटले होते, तेही लिहिले नाही. शाळा उघडली होती, प्रवेश सुरू होते. ही कारणे नव्हेत, हे मला ठाऊक आहे.

श्रावणातल्या झडीत, सलग चार दिवस आभाळ जमिनीला टेकलेले असताना, सावरमेंढ्याची पाळ फुटली. गावाने पोती भरून घातली, दारे काढून लावली, माणसे पाठीला पाठ लावून भेगेत उभी राहिली असे नंतर ऐकले. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. ऊन पडले होते, श्रावणात पडते तसे कोवळे आणि निर्लज्ज. जिथे पाणी होते तिथे कोसभर काळा चिखल पसरला होता आणि त्या चिखलावर कमळाची पाने लांब देठांसकट आडवी पडली होती. वास मात्र मला अपेक्षित होता तसा कुजका नव्हता. ताजा, थंड वास होता तो, तळाचा, आजवर कोणीच घेतलेला नसलेला. बगळे इतके उतरले होते की दुरून कापूस वाळत घातल्यासारखा दिसे. कौशल्याबाई पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभी राहून बोटभर लांबीची माशांची पिल्ले सुपात वेचत होती. ती आषाढात तलावात सोडलेल्या मत्स्यबीजाची पिल्ले होती. बहुतेक मेलेली होती. जी हलत होती ती उचलून पाण्याच्या घागरीत टाकत होती. मला पाहून तिने काठावरचा एक कोरडा दगड दाखवला.

“बसा मास्तर,” म्हणाली.

मी बसलो. दारात बसण्याची तिची पद्धत मला तेव्हा कळली असे म्हणावेसे वाटते, पण मी तासाभराने उठून घरी आलो.

मार्गशीर्षात नाटके सुरू झाली. मी पुन्हा मंत्री झालो. आणि त्याच सुमारास पुण्यात नोकरीला लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक पत्र पुढे पाठवले, ‘सर, हे वाचाच’ असे म्हणून. ते माझेच होते. आता त्यात गाव सावरमेंढा नव्हते, कोकणातले कुठलेसे होते. मामांना झुपकेदार मिशा आणि दोन बायका मिळाल्या होत्या. अठरा घरे गळून गेली होती. वर कितीतरी पत्त्यांची रांग होती, अमेरिकेतलेही दोनचार, आणि शेवटी ताकीद होती की, हसू आले तर आणखी दहा जणांना पाठवा. खरे सांगतो, वाचल्यावर माझी पहिली भावना अभिमानाची होती. प्रस्तावनेतली माझी तीन वाक्ये जशीच्या तशी टिकली होती.

पौषातल्या एका सकाळी नागपूरकडून येणाऱ्या नटीला उतरवून घेण्यासाठी मी वडसा स्टेशनावर गेलो. धुके इतके होते की रूळ चार पावलांवर संपत. गिरण्यांच्या कोंड्याचा धूर त्यात मिसळून सगळा फलाट भाताच्या शिळ्या उबेने भरला होता. आंध्राच्या वाटेवरच्या बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीसाठी गाठोडी घेऊन बसलेली माणसे आधी मला ढिगासारखी दिसली. मग त्यातून कौशल्याबाईचा आवाज आला, “मास्तर, तुमी इथी कुठी?” सगळी घरे होती. पातेली, सतरंज्या, कडेवरची पोरे, आणि जाळी नव्हती.

काही सुचले नाही की मी नाटक करतो, हा माझा जुना आजार आहे. मी तिला सांगू लागलो, की तुमचा तलाव जगभर पोचला आहे. सगळी हकिगत सांगितली, आजवर तिला न सांगितलेली, ती दोन टिंबे, ते पत्र, वारसांनी पुढाकार घ्यावा हे वाक्य, वामनभाऊंचे ते ‘होय’, आणि मंत्र्याच्या आवाजात सांगितली, टोपी सावरल्याचा अभिनय करून. एक चहावाला थांबला. कौशल्याबाईची सून पदरात तोंड खुपसून हसली. म्हातारे हसले. मिशा आणि दोन बायकांपाशी तर खुद्द कौशल्याबाईही खदखदून हसली, डोळे पुसून हसली, आणि धुक्यात कुठेतरी गाडीने शिटी दिली तेव्हा मी तिला, जणू काही मोठे देणे देत असल्यासारखा, सांगत होतो की पुण्यात वाचले, मुंबईत वाचले, अमेरिकेत वाचले, हजारो लोकांनी वाचले असेल, कौशल्याबाई.

गाठोडे डोक्यावर घेता घेता ती थबकली, आणि फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, रागाने नव्हे, खरोखरच आश्चर्य वाटून, बोलून गेली:

“इतक्या लोकायनं वाचलं म्हन्ता, मास्तर, अन् एकानं बी इचारलं नाई का, मंग त्या तलावाचं काय झालं?”